उजनीच्या काठावर गळ आणि मुक्काम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीची सुट्टी जवळ आली की सोलापुरातील ओळखीचे, त्यांच्या ओळखीचे आणि त्यांचेही मेहुणे आम्हाला तेच प्रश्न पाठवू लागतात. काही वर्षे प्रत्येकाला वेगळे उत्तर लिहून झाले. आता ती उत्तरे एकत्र केली आहेत. सुरुवातीचे प्रश्न साधे आहेत, पुढचे अडचणीचे आहेत, आणि एकदा सांगितलेली गोष्ट पुन्हा न लिहिता त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. उजनी हे पाटबंधाऱ्याचे पाणी आहे, सहलीचे तळे नव्हे, आणि त्याचा काठ कालवे, बोगदा, उपसा योजना व पुण्याकडचा पाऊस यांच्या हिशेबाने पुढेमागे सरकतो. पुढची बरीचशी उत्तरे या एका गोष्टीतून निघतात.

१. उजनीला जायचे म्हणजे नेमके कुठे जायचे?

भीमा नदीवरील धरणाची भिंत माढा तालुक्यात, पुणे-सोलापूर महामार्गालगत भीमानगरजवळ आहे. बांधकाम १९६९ मध्ये सुरू होऊन १९८० मध्ये पूर्ण झाले, आणि भिंतीमागच्या जलाशयाला यशवंतसागर असे नाव आहे. भिंत आणि तिचा लगतचा भाग येथे प्रवेशावर निर्बंध असल्याने तिथे गळ नाही, तंबू नाही आणि ड्रोन तर मुळीच नाही. लोक ज्याला ‘बॅकवॉटर’ म्हणतात तो फुगवटा करमाळा, इंदापूर, दौंड आणि कर्जत या तालुक्यांत पसरलेला आहे. सोलापूरकरांना सोयीचा काठ करमाळा तालुक्यातला, म्हणजे वांगी, चिखलठाण, कुगाव, केत्तूर या बाजूचा. रस्त्याने टेंभुर्णीवरून जावे. रेल्वेने जाणाऱ्यांना जेऊर किंवा पारेवाडी ही स्थानके जवळ पडतात, मात्र तिथे सगळ्या गाड्या थांबत नाहीत.

२. नुसता एक गळ टाकायलाही परवानगी लागते का?

लागते, असे धरून चालावे. जलाशयातील मासेमारीचा हक्क शासन परवान्याने किंवा ठेक्याने देते आणि त्या हक्कावर काठच्या गावांतील मच्छीमार कुटुंबांची चूल पेटते. त्यामुळे ‘काठावर उभे राहून एक काठी टाकली तर कोण विचारतो’ हे म्हणणे कायद्यातही बसत नाही आणि रीतीतही बसत नाही. रीतसर चौकशी दोन ठिकाणी करता येते. एक, सोलापुरातील मत्स्यव्यवसाय विभागाचे कार्यालय. दुसरे, भीमानगर येथील धरण व्यवस्थापनाचे कार्यालय. प्रत्यक्षात आणखी एक पायरी आहे आणि ती आम्ही कधीही चुकवत नाही. ज्या गावच्या काठावर बसायचे, तिथल्या मच्छीमारांना आधी भेटायचे. सकाळी नऊच्या सुमारास होड्या जाळी काढून परत येतात, तेव्हा जाऊन “मामा, इथं दोन गळ टाकून बसलो तर चालंल का?” असे विचारले तर बहुतेक वेळा होकार तर मिळतोच, वर कुठे जाळी लावली आहेत आणि कुठे खडक आहे हेही कळते. न विचारता बसलेल्या माणसाचा गळ संध्याकाळपर्यंत कोणाच्या तरी जाळ्यात अडकतो आणि मग भांडण रास्तच असते.

३. बातमीत ‘उजनी उणे चाळीस टक्के’ असे येते. पाणी शून्याच्या खाली कसे जाते?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो. उजनीची पूर्ण क्षमता ११७.२३ टीएमसी (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट) आहे, परंतु टक्केवारी त्या आकड्यावर मोजत नाहीत. त्यांपैकी ६३.६६ टीएमसी मृतसाठा, म्हणजे नेहमीच्या वापरात न धरलेला तळाचा साठा, आणि ५३.५७ टीएमसी उपयुक्त साठा आहे, आणि टक्के मोजतात ते उपयुक्त साठ्याचे. म्हणजे ‘शून्य टक्के’ या दिवशीही धरणात ६३.६६ टीएमसी पाणी असते. त्याखाली गेले की उणे आकडा सुरू होतो. उणे चाळीस टक्के म्हणजे ५३.५७ चे चाळीस टक्के, साधारण २१.४ टीएमसी, मृतसाठ्यातून गेले आणि ४२ टीएमसीच्या आसपास उरले. मे-जून २०२४ मध्ये आकडा उणे साठपर्यंत घसरला होता, तरीही त्या वेळी धरणात साडेएकतीस टीएमसी पाणी होतेच. उलट पावसाळ्याअखेर १११ टक्के भरल्याची बातमी येते तेव्हा एकूण साठा १२३ टीएमसीच्या घरात असतो.

गळवाल्याला या आकड्याचा उपयोग काय? शून्य टक्क्यांची पातळी समुद्रसपाटीपासून ४९१.०३ मीटर आणि शंभर टक्क्यांची ४९६.८३ मीटर आहे. उभ्या मापाने हा फरक अवघा ५.८० मीटरचा, पण काठाचा उतार इतका मंद आहे की तेवढ्या फरकात पाणी आडवे कित्येक ठिकाणी अर्धा-एक किलोमीटर सरकते. गेल्या वर्षीची तुमची आवडती जागा या वर्षी एक तर पाण्याखाली असेल किंवा पाण्यापासून लांब, भेगाळलेल्या गाळात. त्यामुळे निघण्याआधी जागा ठरवू नये. आधी टक्का पाहावा आणि मग गाव ठरवावे.

४. आभाळ स्वच्छ आहे, मग रात्रीत पाणी कसे चढेल?

उजनी सोलापूरच्या पावसावर भरत नाही. सोलापुरात पाऊस पडो न पडो, पुणे जिल्ह्याच्या घाटमाथ्यावर पाऊस झाला, तिकडची धरणे भरून सांडवे सुटले की ते पाणी भीमा आणि मुळा-मुठेतून दौंडमार्गे उजनीत येते. म्हणून जुलै ते ऑक्टोबरमध्ये मुक्कामाला जाणाऱ्याने सोलापूरच्या हवामानाआधी ‘दौंडचा विसर्ग’ पाहिला पाहिजे.

हिशेब सोपा आहे. ११,५७४ क्युसेकने, म्हणजे सेकंदाला तितके घनफूट, चोवीस तास पाणी आले की एक टीएमसी होते. वर दिलेल्या आकड्यांवरून उपयुक्त साठ्याच्या पट्ट्यात एका टीएमसीमागे पातळी सरासरी ११ सेंटीमीटर चढते. विसर्ग एक लाख क्युसेक असेल आणि खाली काहीच सोडले जात नसेल, तर रात्री नऊ ते सकाळी सात या दहा तासांत पातळी सुमारे ३९ सेंटीमीटर, म्हणजे सव्वा फूट चढेल. सव्वा फूट ऐकायला काहीच वाटत नाही. परंतु शंभर फुटांत एक फूट असा उतार असेल तर पाणी सव्वाशे फूट आत येते. एका सप्टेंबरात वांगीच्या अंगाला आम्ही पाण्यापासून तीस पावलांवर तंबू लावला होता आणि दिवसभर आभाळात ढगाचे नाव नव्हते. पहाटे चारला जाग आली ती पाठीला गार लागल्यामुळे. बॅटरी लावली तेव्हा एक चप्पल तंबूच्या दाराशी तरंगत होती. दुसरी सापडलीच नाही. तेव्हापासून आमचा नियम असा आहे: पावसाळ्यात काठावर मुक्काम करायचाच नाही, आणि दिवाळीपर्यंत करायचा तर गेल्या वेळच्या पाण्याची रेघ, म्हणजे काटक्या आणि जलपर्णी वाळून बसलेली ओळ, शोधून तिच्याही वर तंबू लावायचा. संध्याकाळी पाण्याच्या कडेला एक काठी रोवून झोपण्यापूर्वी तिच्याकडे पाहावे. काठीभोवती पाणी आले असेल तर मुक्काम हलवावा. उद्या सकाळी बघू म्हणू नये.

५. तंबू लावायचा तर जमीन कोणाची? काठ तर मोकळाच दिसतो.

मोकळा दिसतो, पण मोकळा नसतो. पूर्ण भरल्यावर पाणी जिथवर येते तिथवरची जमीन धरणासाठी संपादित झालेली, म्हणजे शासनाची आहे. पाणी ओसरले की हीच जमीन ‘गाळपेर’ म्हणून कसायला दिली जाते, आणि ती कसणाऱ्यांत अनेकदा तीच घरे असतात ज्यांच्या शेतावरून हे पाणी गेले. तुम्हाला जो सपाट, मऊ, तंबूसाठी सरस वाटणारा तुकडा दिसतो त्यात दोन दिवसांपूर्वी कोणी कडवळ किंवा हरभरा पेरलेला असू शकतो. ओल्या गाळावर चार माणसे आणि एक मोटार फिरली की ते पीक गेलेच. पाण्याच्या रेघेच्या वर गेलात तर जमीन खासगी मालकीची, बहुधा उसाची किंवा केळीची. दोन्ही ठिकाणी जमीन कसणाऱ्याची तोंडी का होईना परवानगी घ्यावी, आणि मोटार रस्त्यावर किंवा वस्तीवर ठेवून सामान हाताने न्यावे. आम्हाला विचाराल तर सगळ्यांत चांगली जागा म्हणजे कोणाच्या तरी वस्तीचे अंगण: पाण्यापासून थोडी लांब, पण रात्री कुत्रे जागे असते, हातपंप असतो आणि अडचणीला माणूस असतो. निघताना देऊ केलेले पैसे पुष्कळदा घेत नाहीत. तेव्हा पोरांसाठी खाऊ आणि घरासाठी चहा-साखर आधीच बरोबर ठेवावी.

६. कोणते महिने चांगले?

मुक्कामासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पाणी भरलेले असते, दिवस सोसवतो आणि पहाटे चांगलीच थंडी पडते, तेव्हा पांघरूण जाड न्यावे. डिसेंबर-जानेवारीत हुरड्याचे दिवस असल्याने काठच्या वस्त्यांवर आगटी पेटलेल्या असतात. मार्चनंतर पाणी मागे जाऊन गाळ उघडा पडतो आणि सोलापूरचे ऊन तर सांगायलाच नको. गळाला मात्र उन्हाळा वाईट नाही. पाणी कमी झाल्याने मासा एकवटतो. पहाटे जाऊन दहाच्या आत परतावे, मुक्काम टाळावा. एप्रिल-मेमधल्या वळवाच्या वाऱ्याबद्दल प्रश्न १२ पाहा.

७. गळाला कोणते मासे लागतात आणि आमिष काय लावावे?

नवशिक्याला बहुतेक वेळा चिलापीच मिळते. पुस्तकातले नाव तिलापिया. मूळची आफ्रिकेतली, पण आज उजनीचा बाजार तिच्यावरच चालतो. ती काठाजवळच्या उथळ पाण्यात राहते, नर तळाच्या मातीत ताटाएवढे गोल खळगे करतात आणि मादी अंडी तोंडात घेऊन उबवते. पाणी निवळ असेल तर ते खळगे वरूनही दिसतात. छोटा गळ, गांडूळ किंवा हळद-मीठ घालून घट्ट मळलेली कणीक, आणि दोन-तीन फूट खोलीवर बूच, एवढ्यावर काम भागते. चिलापी आमिष एकदम ओढत नाही. बूच दोन-तीनदा नाचते, मग तिरके पळते. पहिल्या नाचाला झटका मारला की गळ रिकामा येतो.

कटला, रोहू आणि मृगळ हे तिघे एकाच पाण्यात वेगवेगळ्या मजल्यांवर राहतात. कटल्याचे तोंड वर वळलेले असते आणि तो वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या थरात, मृगळ तळाशी. म्हणून एकच आमिष एकाच खोलीवर टाकून तिघांची वाट पाहण्यात अर्थ नाही. या माशांसाठी शेंगदाण्याची पेंड आणि भाताचा कोंडा भिजवून केलेला गोळा आमच्याकडे चालतो. पेंड ताजी, वासाची असावी. आदल्या संध्याकाळी त्याच जागी मूठभर चारा टाकून ठेवला तर सकाळी फरक कळतो.

मरळ पाणवनस्पती माजलेल्या कडेला, गढूळ पाण्यात असते. ती हवा घ्यायला वर येते तेव्हा पाण्यावर एक संथ बुडबुडा उठतो. पाण्यावर तांबूस पिलांचा पुंजका एकत्र फिरताना दिसला तर त्याखाली पिले राखणारी मरळ असते, आणि त्या वेळी गळ टाकणे आम्ही अधर्म समजतो. ती जोडी गेली की पुंजका दिवसभरात इतरांच्या पोटात जातो. शिंगाळा आणि वाम रात्री, तळाशी, गांडुळाला लागतात. शिंगाळ्याच्या पाठीवरचा आणि बाजूचा काटा हातात घुसला तर ठणका तासन्‌तास राहतो. मासा फडक्यात धरावा, आणि काटा लागलाच तर हात सोसवेल इतक्या गरम पाण्यात धरावा.

८. सामान किती लागते? महाग रॉड घ्यावा का?

पहिल्या वर्षी नको. बांबूची काठी, तंगूस (गळाचा नायलॉनचा दोरा), दोन मापांचे गळ, शिसे आणि बूच पुरतात. मोठ्या कटल्याची हौस असेल तेव्हा रीळ घ्यावे. जुन्या गावठाणांच्या भिंती, बांध आणि बाभळीची खोडे पाण्याखाली असल्याने गळ अडकून तुटतो, म्हणून गळ आणि शिसे दुप्पट न्यावे. तुटलेला तंगूस मात्र खिशात घालून परत आणावा. त्याचे कारण प्रश्न १५ मध्ये आहे.

९. लहान मासा सोडून द्यावा का? आणि नको असलेला मासा?

कटला, रोहू, मृगळ यांचे बीज बाहेरून आणून सोडलेले असते; बोटुकली वाढून किलोभर व्हायला वेळ लागतो आणि त्यावर पैसा खर्च झालेला असतो. अर्ध्या किलोच्या आतले हे तिन्ही मासे आम्ही सोडतो. सोडताना हात ओला करून धरावा, गळ खोल गेला असेल तर ओढू नये, दोरा तोंडाशी कापावा.

उलटा नियम दोन माशांना. अंगावर खवल्यांऐवजी खरखरीत चिलखत असलेला, तोंड खाली असलेला मासा लागला तर तो सकर; मच्छीमार त्याला ‘हेलिकॉप्टर’ म्हणतात. हा दक्षिण अमेरिकेतला, काचेच्या टाकीत पाळायचा मासा कोणी तरी सोडल्यामुळे नद्या-जलाशयांत माजला आहे, जाळी फाडतो आणि बाजारात त्याला कोणी विचारत नाही. दुसरा आफ्रिकी मांगूर, ज्याच्या पालनावर आणि विक्रीवर २००० सालापासून देशात बंदी आहे. हे दोन्ही परत पाण्यात सोडू नयेत. आणि घरची टाकी आवरायची म्हणून त्यातले मासे ‘बिचारे जगतील’ असे म्हणत उजनीत आणून सोडणाऱ्यांना हात जोडून विनंती, की ते जगतात हीच अडचण आहे.

१०. जाळे टाकले तर? वडाप म्हणजे काय?

जाळे हा परवानाधारक मच्छीमाराचा विषय आहे; हौशी माणसाने जाळे नेऊच नये. वडाप ही बारीक आसाची ओढण्याची जाळी असून तिच्यात बोटभर पिलेही सुटत नाहीत, त्यामुळे तिच्याविरुद्ध काठचे मच्छीमारच वारंवार तक्रारी करतात. तशी मासेमारी दिसली तर वाद घालायला जाऊ नये, गावात सांगावे. सुरुंग लावून किंवा विष टाकून मासे मारणे हा तर १८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय अधिनियमापासूनचा गुन्हा आहे. धरलेले मासे विकणे हौशी माणसाने टाळावे. उरले तर ज्यांच्या अंगणात उतरलो त्यांना द्यावेत.

११. पावसाळ्यातली मासेमारीबंदी उजनीलाही लागू असते का?

बातम्यांत येणारी बंदी समुद्रातील मासेमारीची असते, तिचा जलाशयाशी संबंध नाही. मात्र मत्स्यबीज सोडल्यानंतर किंवा विणीच्या काळात त्या त्या जलाशयापुरते निर्बंध असू शकतात, तेव्हा प्रश्न २ मधल्या कार्यालयांत विचारून घ्यावे. पावसाळ्यात काठावर राहूच नये याचे कारण प्रश्न ४ मध्ये आलेच आहे.

१२. होडीतून आत जाता येईल का?

मच्छीमाराच्या होडीत हौसेने बसणे आणि प्रवासी होडीतून पलीकडे जाणे हे दोन्ही लोक करतात. आमचे मत असे की जीवरक्षक जाकीट अंगात असल्याशिवाय आणि दुपारनंतर कोणीही बसू नये. २१ मे २०२४ रोजी संध्याकाळी कुगावहून कळाशीकडे निघालेली होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा माणसे बुडाली. ते पाणी त्या लोकांना परके नव्हते. रोजची ये-जा होती. एप्रिल-मेमध्ये सकाळी आरशासारखे असलेले पाणी चारच्या सुमारास वावटळ उठली की दहा मिनिटांत लाटांनी भरते, आणि एवढ्या रुंद पाण्यावर वाऱ्याला अडवायला काहीच नसते. थर्माकोलचे तराफे आणि टायरच्या ट्यूब यांवरून मच्छीमार सराईतपणे जातात, म्हणून आपल्याला ते जमेल असे नाही.

१३. पोहता येते, तर उतरायला हरकत काय?

दोन हरकती आहेत, आणि दोन्ही पोहण्याच्या कौशल्याशी संबंधित नाहीत. पहिली गाळ: वरून वाळलेला दिसतो, पाय ठेवला की मांडीपर्यंत आत जातो, आणि पाय उपसताना माणूस तोंडावर पडतो. दुसरी पाण्याखालची गावे: बुडालेल्या वस्त्यांच्या विहिरी, भिंती, तारेची कुंपणे तशीच आहेत. पाणी खूप घटले की इंदापूर बाजूला पळसदेवचे जुने मंदिर उघडे पडते. ते पाहिले म्हणजे भरल्या पाण्याखाली काय काय असेल याचा अंदाज येतो. कोणी गाळात रुतला तर त्याच्याकडे धावू नये. आडवे व्हायला सांगावे आणि फळी, काठी किंवा चादर पुढे करून ओढावे.

१४. पाणी उकळून प्यायले तर चालेल ना? आणि मासा खायला सुरक्षित आहे का?

पाणी पिऊ नये, उकळूनही. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी नद्यांमधून याच जलाशयात येते. उकळण्याने जंतू मरतात. परंतु हिरव्या थराच्या शेवाळातील विषारी द्रव्ये किंवा कारखान्यांच्या पाण्यातील धातू त्याने जात नाहीत. माणशी पाच लिटर पाणी घरून न्यावे किंवा वस्तीवरच्या हातपंपाचे घ्यावे. भांडी घासायलाही हिरवा तवंग असलेले पाणी नको.

मासा रोज हजारो घरांत खाल्ला जातो आणि आम्हीही खातो. ताजा मासा निवडावा, कोठा आणि कलेजी काढून टाकावी, कल्ले काढावे, मीठ-हळद लावून धुवावा आणि पूर्ण शिजवावा. दाट हिरव्या, वास मारणाऱ्या पाण्यातून काढलेला किंवा काठावर मरून तरंगणारा मासा घेऊ नये. बेत साधाच बरा: चिलापीला आडव्या चिरा देऊन तिखट, मीठ, आले-लसूण लावायचे, तव्यावर तेल सोडून दोन्ही बाजूंनी तळायचे, बरोबर कडक भाकरी आणि शेंगाचटणी. चूल वाळल्या गवतापासून आणि उसाच्या पाचटापासून लांब, तीन दगडांत करावी. झोपण्यापूर्वी निखाऱ्यावर पाणी ओतून राख हाताने चाचपावी.

१५. पक्षी पाहायलाही जायचे आहे. गळ आणि पक्षी एकत्र जमतात का?

जमतात, पण जागा वेगळी ठेवावी. हिवाळ्यात रोहित, पट्टकादंब आणि इतर पाहुणे पक्षी नेमके त्याच उथळ पाण्यात उतरतात जिथे चिलापी असते. भिगवणच्या बाजूला तर लोक केवळ त्यांच्यासाठी येतात. थवा बसला असेल तिथे गळ टाकायला जाऊ नये, आणि फोटोसाठी होडीने थवा उठवू नये. गाळात पडून राहिलेला हातभर तंगूस पक्ष्याच्या पायाला गुंडाळला की तो पाय कापला जाईपर्यंत सुटत नाही. असा एक बगळा आम्ही बाभळीच्या फांदीला लटकलेला पाहिला आहे, म्हणून आता दुसऱ्यांनी टाकलेला दोराही उचलून आणतो.

१६. गळाला कासव लागले. काय करू?

कासव पकडणे, जवळ बाळगणे किंवा विकणे हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली गुन्हा आहे. चुकून लागलेले कासव लगेच सोडणे हे तुमचे काम. ओढू नये. कवचाला मागच्या बाजूने धरावे, कारण मऊ पाठीचे कासव मान लांब वळवून कडाडून चावते. गळ दिसत असेल तर पकडीने काढावा, घशात असेल तर दोरा शक्य तितका जवळ कापून सोडावे किंवा वन विभागाला कळवावे. वास्तूसाठी शुभ म्हणून घरी नेण्याचा विचार मनात आला, तर वरील अधिनियमाचे नाव पुन्हा वाचावे.

१७. साप आणि बिबट्या यांची भीती कितपत खरी?

सापांची खरी. नाग, घोणस, मण्यार आणि फुरसे हे चारही विषारी साप जिल्ह्यात आहेत. पाण्यात पोहताना दिसतो तो बहुधा दिवड, बिनविषारी. मण्यार रात्री अंथरुणात शिरतो आणि त्याचा दंश कित्येकदा कळतही नाही, म्हणून उघड्यावर चादर टाकून झोपू नये. तंबूची चेन पूर्ण लावावी, बूट आत घ्यावेत, रात्री बॅटरीशिवाय पाऊल टाकू नये. दंश झालाच तर चिरणे, चोखणे, आवळून बांधणे काहीही न करता १०८ ला फोन करून जवळचे शासकीय रुग्णालय गाठावे. मांत्रिकाकडे घालवलेला अर्धा तास परत मिळत नाही.

बिबट्याचा वावर उसाच्या पट्ट्यात असतो. डिसेंबर २०२० मध्ये करमाळा तालुक्यात बिबट्याने माणसांचे बळी घेतल्यावर अखेर त्याला गोळी घालावी लागली होती. रोज घाबरून राहावे असे काही नाही, पण उसाच्या कडेला तंबू लावू नये, लहान मुलांना अंधारात एकटे सोडू नये आणि माशांची घाण तंबूजवळ टाकू नये.

१८. धरणाच्या खाली नदीपात्रात जास्त मासा असतो असे ऐकले. तिथे बसू का?

मासा असतो हे खरे, तरीही बसू नये. पंढरपूरची वारी, सोलापूरचे पिण्याचे पाणी, वीजनिर्मिती किंवा पूरनियंत्रण यांपैकी कशासाठीही पाणी सोडले जाते, आणि कोरडा दिसणारा खडक थोड्या वेळात बेट होतो. भोंगा वाजला तर सामान गोळा करत न बसता आधी वर यावे.

१९. एवढ्या लांब जायचे नाही. सोलापूरजवळचा एखादा तलाव चालेल का?

हिप्परग्याचा एकरूख तलाव १८७१ मध्ये बांधून पूर्ण झालेला, शहराच्या अगदी जवळचा. अक्कलकोटकडे कुरनूरचे बोरी धरण, करमाळ्यात मांगी, सांगोल्यात बुद्धिहाळ. अशा लहान तलावांचा ठेका बहुधा एखाद्या मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो, म्हणून विचारायचे ते त्या संस्थेला. काही ठिकाणी पैसे घेऊन गळ टाकू देतात. पैसे दिले तर पावती घ्यावी. एका तलावावर आम्ही एका गृहस्थांना दिवसाचे पैसे दिले आणि दुपारी खरे ठेकेदार आले. तोवर ते गृहस्थ निघून गेले होते. शहरातील सिद्धेश्वर तलाव हा देवस्थानाचा परिसर आहे, तिथे गळाचा विचारही करू नये.

२०. पाण्यातून पलीकडे इंदापूरच्या काठावर गेलो तर परवानगी तीच चालते का?

जलाशय एक असला तरी काठ वेगळा जिल्हा, वेगळे पोलीस ठाणे आणि मुख्य म्हणजे वेगळ्या गावचे मच्छीमार आहेत. करमाळ्याच्या मामांनी दिलेला होकार कळाशीच्या मामांना बांधील नाही. तिथे उतरलात तर पुन्हा विचारावे.

२१. घरी आणेपर्यंत मासा खराब होतो. काय चुकते?

बहुतेक जण मासा पाण्याच्या बादलीत ठेवतात. त्यात तो तडफडून मरतो आणि कोमट पाण्यात फुगतो. मासा काढल्याबरोबर मारावा, पोट साफ करून सावलीत ओल्या गोणपाटाखाली ठेवावा. पोटातली घाण काठावर न टाकता मच्छीमार जिथे खड्डा करतात तिथे पुरावी. येताना टेंभुर्णीत बर्फ मिळतो. तो फोडून खाली एक थर, वर एक थर द्यावा आणि वितळलेले पाणी वाहून जाईल असे भोक डब्याला ठेवावे. प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून डिकीत टाकलेला मासा मोहोळच्या पुढे टिकत नाही.